येवल्यातील घरचे आड : जोडण्या आणि तोडण्या

जुने घर पाडण्यापूर्वी त्याच्या आवारातील खासगी विहिरीची वीज, नळ आणि पंपाची वाहिनी तोडून ती निर्धोक करणे हे आज बांधकामाच्या व्यवहारातील किरकोळ आणि बहुधा ठेकेदारावर सोडून दिलेले काम समजले जाते; परंतु येवल्यासारख्या, दाट वस्तीच्या जुन्या गावठाणाभोवती वाढलेल्या शहरात या कामाचा क्रम नीट पाहिला, तर घर आणि पाणी यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या जे संबंध जडत गेले ते उलट्या क्रमाने सुटताना दिसतात. सर्वांत उशिरा आलेली वीज सर्वांत आधी तोडावी लागते, तिच्यामागोमाग नगरपरिषदेचा नळ, मग पंप, मग काठडा; आणि सर्वांत जुना संबंध, म्हणजे खडकातील भेगांमधून शेजारच्या आडांशी असलेला, तो तोडण्याचे साधन घरमालकाकडेही नसते आणि ठेकेदाराकडेही नसते. या तोडण्यांचा अर्थ कळण्यासाठी त्या जोडण्या कशा झाल्या हे आधी पाहणे भाग आहे.

येवला हे नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातील, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारे तालुक्याचे ठिकाण आहे. रघोजी नाईक यांनी हे गाव वसवले आणि विणकर व व्यापारी आणून त्यांना येथे स्थायिक केले अशी परंपरा सांगितली जाते. पेशवाईत ते विंचूरकरांच्या जहागिरीत गेले, आणि पैठणी, पीतांबर व जरीचे काम यांमुळे त्याची पेठ म्हणून ख्याती झाली. या पेठेच्या पायाखाली दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. हा खडक मुळात पाणी धरीत नाही; पाणी असते ते त्याच्या वरच्या कुजलेल्या मुरमाच्या थरात, लाव्ह्याच्या दोन थरांमधील सच्छिद्र पट्ट्यांत आणि भेगांमध्ये. त्यामुळे एका घरी वीस हातांवर पाणी लागावे आणि भिंतीपलीकडच्या घरी कातळच निघावा, हे या प्रदेशात नेहमीचे आहे, आणि ज्यांना पाणी लागले त्यांची विहीर अनेकदा एकाच भेगेवर अवलंबून असते. बारमाही नदी जवळ नसलेल्या अशा गावी घर बांधण्याआधी पाणाड्याला, म्हणजे जमिनीखालचे पाणी सांगणाऱ्या जाणकाराला, बोलावण्याची पद्धत केवळ अंधश्रद्धेत काढून टाकण्यासारखी नाही. त्याचा अंदाज चुकला तरी पाण्याची जागा पाहून मग घराची जागा ठरवावी हा त्यामागचा क्रम शहाणपणाचा होता.

मराठी वाड्यात हे पाणी आडाच्या रूपाने असे. आड म्हणजे पायऱ्या नसलेली, अरुंद तोंडाची, केवळ दोराने पाणी शेंदण्याची विहीर. बारव म्हणजे पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरता येणारी मोठी, बहुधा सार्वजनिक विहीर. आणि साधी विहीर म्हटली की मळ्यातील मोटेची रुंद विहीर डोळ्यांपुढे येते. आड चौकात, परसात किंवा न्हाणीघराला लागून असे. वरचा मुरमाचा भाग घडीव दगडांनी बांधून काढलेला, त्याखाली उघडा कातळ, आत उतरण्यासाठी दोन्ही बाजूंना पाय ठेवण्यापुरत्या खोबणी आणि तोंडाशी काठडा, अशी त्याची रचना असे. काठड्यावर कप्पी किंवा रहाट बसवलेला असे आणि पोहरा निसटून आत पडला तर तो काढण्यासाठी लोखंडी गळ घरात ठेवलेला असे. खोदाईचे कष्टाचे काम वडार समाजातील कारागीर करीत. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी तळाला गेले की आड उपसून गाळ काढणे हे घराच्या वार्षिक कामांपैकी एक होते, आणि ते केले नाही तर झरे बुजतात ही जाण घरातील बायकांनाही होती. किंबहुना पाणी त्याच ओढीत असल्यामुळे ती त्यांनाच अधिक होती.

विणकरांच्या गावात या पाण्याला घरगुती वापरापलीकडचे काम होते. कच्च्या रेशमाच्या तंतूवर डिंकासारख्या पदार्थाचे आवरण असते आणि ते वजनाच्या सुमारे पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतके भरते. ते काढल्याशिवाय रेशमाला झळाळी येत नाही आणि रंगही बसत नाही. त्यासाठी लड्या पापडखारासारख्या क्षाराच्या किंवा साबणाच्या पाण्यात उकळाव्या लागत आणि नंतर पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्यात खंगाळाव्या लागत. पाणी जड असेल, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार जास्त असतील, तर साबण फाटून त्याचा चिकट थर धाग्यावर बसतो. म्हणून रंगाऱ्याच्या दृष्टीने आडाच्या पाण्याची जात ही रंगाच्या पुडीइतकीच महत्त्वाची बाब होती. पैठणीच्या इतिहासात जरीच्या काठांचे आणि पदरावरच्या मोरांचे वर्णन भरपूर आढळते, पण ज्या पाण्यावाचून ते रेशीम मागावर चढलेच नसते त्या पाण्याला मात्र त्या वर्णनांत क्वचितच जागा मिळते.

धर्मशास्त्रात विहीर, बारव आणि तलाव बांधणे हे पूर्तकर्म, म्हणजे लोकोपयोगाचे पुण्यकर्म, मानले आहे. परंतु त्यात एक अट आहे: असे पाणी विधिपूर्वक उत्सर्ग करून, म्हणजे त्यावरील स्वतःचा हक्क सोडून, सर्व प्राणिमात्रांसाठी मोकळे करावे लागते. घरचा आड असा उत्सर्ग केलेला नसे. तो कुटुंबाचाच राही, आणि त्याच्याशी जोडलेले विधीही कुटुंबाचेच असत. बाळंतिणीने पाण्याची पूजा करणे, पाण्यात वास करणाऱ्या आसरांसाठी काठाशी शेंदूर लावलेले सात खडे मांडणे, लग्नकार्यात देवाचे पाणी तेथूनच आणणे, हे सारे त्यात येते. विहीर बुजवणे पापाचे मानले जाई, आणि आजही घर पाडताना मजूर काठड्याला हात लावण्यापूर्वी नारळ फोडा म्हणून अडून बसतात, ते याच जुन्या धाकाने.

याच खासगीपणाची दुसरी बाजू मात्र कठोर आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने जमिनीखाली निश्चित प्रवाहाशिवाय असलेले पाणी आपल्या हद्दीत काढून घेण्याचा हक्क जमीनमालकाला मान्य केला, आणि त्यामुळे आडाचे पाणी कायद्याच्या दृष्टीने जमिनीच्या मालकीचाच एक भाग ठरले. जे पाणी खासगी, त्यावर कोणाला येऊ द्यायचे हे मालक ठरवणार, आणि जातिव्यवस्थेच्या समाजात हा अधिकार कसा वापरला जाईल हे उघड होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला, तोही सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्यापुरताच होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला, तेव्हा विरोधकांनी न्यायालयात घेतलेला पवित्रा हाच होता की तळे सार्वजनिक नसून खासगी आहे. हा वाद १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात विरोधकांच्या विरुद्ध निकाली निघेपर्यंत दहा वर्षे गेली. या दहा वर्षांच्या उत्तरार्धात, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यातच भरलेल्या परिषदेत आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. ज्या शहरात ही घोषणा झाली त्या शहरातील घराघरांच्या आडांना मात्र पुढेही कोणताच कायदा शिवला नाही. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी व तलाव यांच्या वापरातील भेदभाव निषिद्ध केला तो शासनाच्या निधीतून राखलेल्या किंवा सर्वसामान्य लोकांच्या वापरासाठी दिलेल्या पाणवठ्यांपुरता. वाड्याच्या चौकातील आडाकडे केवळ आत्मीयतेने पाहणाऱ्या लेखनात ही बाजू सहसा येत नाही, आणि ती आली नाही तर त्या लेखनाला इतिहास म्हणणे कठीण आहे.

सरकारी यंत्रणेचा आडाशी पहिला संबंध आला तो रोगामुळे. येवल्याची नगरपालिका १८५८ मधील, म्हणजे मुंबई इलाख्यातील जुन्या नगरपालिकांपैकी एक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हॅनबरी हॅन्किन या शास्त्रज्ञाने पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला, आणि पाणी गुलाबी करणारे हे ‘लाल औषध’ पुढे गावोगाव परिचयाचे झाले; त्यानंतर त्याची जागा विरंजक चूर्णाने, म्हणजे ग्रामपंचायतीच्या भाषेतील टीसीएल पावडरीने घेतली. मुंबईत १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी शहरातील हिवतापाचा संबंध घरोघरच्या विहिरींत वाढणाऱ्या डासांशी जोडणारा अहवाल दिला, तेव्हा तेथे शेकडो विहिरी झाकण्याची किंवा बुजवण्याची मोहीम निघाली, आणि पूजेसाठी विहिरीच्या पाण्याची गरज असलेल्या समाजांनी तिला विरोधही केला. अशा समाजांच्या विहिरींपैकी १७२५ मधील भिखा बेहराम विहीर फोर्ट भागात आजही वापरात आहे. लहान गावांत इतक्या टोकाला गोष्टी गेल्या नाहीत. तेथे आडात गप्पी मासे सोडण्यावर भागले. बारवांची गोष्ट वेगळी होती, कारण माणूस त्यांच्या पाण्यात पाय घालून उतरत असल्याने त्यांतून नारू हा कृमिरोग पसरे. १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या निर्मूलन कार्यक्रमात पायऱ्या बंद करून अशा विहिरींचे आडात रूपांतर करणे हा महत्त्वाचा उपाय होता, आणि भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला.

यानंतर आडात लोखंड उतरले. किर्लोस्करवाडीत १९२६ पासून केंद्रोत्सारी पंप, म्हणजे फिरत्या चक्राने पाणी फेकणारे पंप, बनू लागले. ते आधी मळ्यांत गेले, आणि २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतरच्या काळात घरगुती वीज पसरत गेली तशी अर्ध्या किंवा एक अश्वशक्तीची मोटर वाड्यातील आडावरही आली. येथे भौतिकशास्त्राचा एक नियम आडाच्या रचनेवर कायमची खूण करून गेला. पंप पाणी ओढतो ते हवेच्या दाबाच्या बळावर, आणि हा दाब पाण्याला समुद्रसपाटीवरही सुमारे १० मीटरच्या वर चढवू शकत नाही. नळीतील घर्षण आणि पंपातील झीज लक्षात घेता प्रत्यक्षात ६ ते ७ मीटरच गृहीत धरावे लागतात. उन्हाळ्यात पाणी त्याखाली गेले की जमिनीवरचा पंप निकामी होतो. म्हणून मोटर आडाच्या आतच, भिंतीत रोवलेल्या दोन लोखंडी तुळयांवर किंवा बाहेर काढलेल्या चिऱ्यावर बसवली गेली. तिच्याखाली ओढनळी, नळीच्या टोकाशी पाणी परत खाली जाऊ न देणारा फूट व्हॉल्व्ह, वर गच्चीवरच्या टाकीकडे जाणारी वाहिनी, आणि काठड्यावरून आत सोडलेली वीजतार. ही तार अनेक ठिकाणी दर पाच-सात वर्षांनी जोड देऊन वाढवलेली असते, जोड कापडी पट्टीने गुंडाळलेले असतात, आणि बटन मात्र स्वयंपाकघरात असते. पोहरा आणि गळ माळ्यावर गेले, रहाट मोडीत निघाला. पण पाणी ओढण्याचे बाईचे श्रम वाचले, हे रहाटाविषयी हळहळणाऱ्यांनी विसरू नये.

नळाचे पाणी येवल्याला मिळते ते कालव्यावाटे. दिंडोरी तालुक्यात कादवा नदीवर पालखेड धरण आहे, त्याचा डावा कालवा निफाड ओलांडून येवल्याकडे येतो, आणि ठरलेल्या काळात सोडलेल्या पाण्याने, ज्याला आवर्तन म्हणतात, शहराचा साठवण तलाव भरला जातो. दोन आवर्तनांतील अंतर वाढले की नळ दिवसाआड, मग त्याहून उशिरा येतो. म्हणजे नळ आला म्हणून आड निवृत्त झाला नाही. प्यायला नळ आणि धुण्याभांड्याला आड अशी वाटणी झाली, आणि ही वाटणी पाळण्यासाठी बहुसंख्य घरांनी दोन्ही वाहिन्या एकाच टाकीवर नेल्या. प्लंबर मध्ये एक झडप टाकून देतो, ती कधी उघडी राहते, कधी झिजते, आणि नळातील दाब कमी झाला की आडाचे, एखादे वेळी शेजारच्या शोषखड्ड्याने दूषित झालेले, पाणी सार्वजनिक जलवाहिनीत उलटे शिरू शकते. १९७२ च्या दुष्काळानंतर यंत्राने खोदलेल्या विंधन विहिरी महाराष्ट्रभर पसरल्या. जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या कार्यशाळांत घडलेल्या हातपंपांतूनच पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क २ हा पंप आकाराला आला. खासगी विंधन विहिरींतून पाणबुडी मोटरने पाणी उपसले जाऊ लागले तसे उथळ आड जानेवारीतच कोरडे पडू लागले, आणि कोरड्या आडाचा सर्वांत सोपा उपयोग म्हणजे कचरा टाकणे. काही घरांनी त्यात न्हाणीचे पाणी सोडले, आणि या साऱ्या कथेत याहून अविचारी कृत्य शोधून सापडणार नाही, कारण ज्या भेगेतून आडाला पाणी येते त्याच भेगेतून ते शेजाऱ्याच्या आडाकडे जाते.

वाडा पाडायला घेतला की या थरांची उकल करावी लागते. महावितरणकडे, म्हणजे २००५ मध्ये विद्युत मंडळाच्या विभाजनातून झालेल्या वितरण कंपनीकडे, वीजपुरवठा कायमचा खंडित करण्याचा अर्ज करून मीटर काढवावा लागतो. केवळ घरातील मेन स्विच पाडून भागत नाही, कारण खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर त्यानंतरही जिवंत असते. मोटरसाठी शेजारच्या घरातून किंवा मागच्या दुकानाच्या मीटरवरून दुसरी तार घेतलेली असेल तर ती कागदावर कोठेच सापडत नाही, म्हणून आडात उतरणारी प्रत्येक तार वरपर्यंत शोधत नेणे आणि टेस्टरने तपासणे हे कागदपत्रांपेक्षा अधिक भरवशाचे ठरते. पाण्याजवळच पुरलेली अर्थिंगची पट्टी शेवटी काढावी, वीज पूर्ण बंद झाल्यावरच. नळजोडणी घराच्या उंबऱ्याशी बूच मारून बंद केल्यास रस्त्याखालील मुख्य वाहिनीपासून उंबऱ्यापर्यंतचा तुकडा दाबाखालीच राहतो, आणि जेसीबीच्या पहिल्या फटक्यात तो फुटतो. ती मुख्य वाहिनीवरील फेरूलपाशी, म्हणजे जेथून घरासाठी पाणी घेतलेले असते त्या पितळी जोडापाशी, नगरपरिषदेकडून बंद करून घ्यावी लागते. मोटर, नळ्या आणि फूट व्हॉल्व्ह त्यानंतर वर ओढले जातात. त्यासाठी माणूस आत उतरवायचा असेल तर आधी आतील हवा तपासणे अनिवार्य आहे, कारण वर्षानुवर्षे झाकलेल्या आडात प्राणवायू कमी आणि कुजण्यातून आलेले वायू जास्त असतात. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत ही याची प्राथमिक खूण देते, पण तिच्यावर जीव टांगणे योग्य नाही.

उरते ती बुजवणी. वाड्याचा पाडलेला माल समोरच पडलेला असतो आणि आड हा त्यासाठी फुकटचा खड्डा वाटतो, म्हणून कुजकी लाकडे, प्लास्टर, माती आणि जुनी कौले एकत्रच आत जातात. लाकूड कुजते, माती बसते, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी फरशी खचते. नव्या इमारतीचा खांब जर त्या जागेवर आला असेल तर प्रश्न फरशीपुरता राहत नाही. स्थापत्याच्या दृष्टीने योग्य रीत अशी की आड आधी उपसून निर्जंतुक करावा, पाण्याच्या पातळीपर्यंत धुतलेली वाळू व खडी भरावी म्हणजे भेगांतील वाहणे अडत नाही, त्यावर चिकणमाती दाबून बसवावी म्हणजे वरचे मैलापाणी खाली जात नाही, आणि इमारतीचा खांब त्यावर न ठेवता तुळईने तो भाग ओलांडावा. सोडून दिलेल्या विंधन विहिरी तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिले, ते त्यांत मुले पडून मरण पावल्यानंतर. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम, जो १ जून २०१४ पासून अमलात आला, त्याचे लक्ष प्रामुख्याने नव्या आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर आहे. चौकातील वीस-पंचवीस हातांचा आड जन्मतानाही कोठे नोंदवलेला नव्हता आणि बुजताना त्याची नोंद बहुधा ठेकेदाराच्या वहीत, भरावाच्या ब्रासमध्ये होते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याने लागू केलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामास पर्जन्यजल संधारण, म्हणजे छतावरचे पाणी जमिनीत जिरवण्याची सोय, बंधनकारक केले आहे. त्यासाठी नियमावलीत सुचवलेल्या प्रकारांत किमान १ मीटर व्यासाची आणि ६ मीटर खोल उघडी विहीर हा एक प्रकार आहे. येवल्याच्या गावठाणातील बहुतेक वाड्यांचे भूखंड ५०० चौरस मीटरांच्या आत येतात, त्यामुळे त्यांना हा नियम लागूच होत नाही. आणि ज्या मोजक्या जागा मोठ्या आहेत तेथे जुना आड भरून झाल्यावर, नकाशा मंजूर व्हावा म्हणून, त्याच आवारात दुसरीकडे तितक्याच मापाचा खड्डा नव्याने खोदला जाऊ शकतो.